सयाजीचा गुरुवार

९ ऑगस्ट २०१९ रोजी सयाजी बिडवे याच्या नावाने तीन लाख शहाऐंशी हजार दोनशे चाळीस रुपयांची डेबिट नोट निघाली. कारणाच्या रकान्यात लिहिले होते, 'रंग सुटला, माल नापास.' म्हणजे केलेल्या कामाचे तेवढे पैसे मिळणार नाहीत. नोट काढणारा होता रविराज, कुरुळीकडचा, जुन्या गावकी घराण्यातला, पत्र्याच्या कपाटांचा आणि पॅनेलचा कारखानदार. सयाजी त्याच्या मालाला पावडर कोटिंग करून द्यायचा. लोखंडावर कोरड्या रंगाची पूड उडवायची आणि भट्टीत भाजून ती पक्की करायची, हा त्याचा धंदा.

रंग सुटला होता हे खरे. पण तो का सुटला, हे दोघांनाही ठाऊक होते. रविराजच्या आवारात ती पॅनेले आठवडाभर उघड्यावर भिजली होती. वरवरचा गंज पुसून त्याने ती तशीच सयाजीकडे पाठवली आणि सयाजीनेही जुना ग्राहक म्हणून मुकाट्याने रंगवली. पुढे रविराजच्या ग्राहकाने माल नाकारला तेव्हा त्याने सगळे सयाजीवर ढकलले. तेवढ्यावर तो थांबला असता तर गोष्ट वेगळी. पण चहाच्या टपरीपासून कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत त्याने एकच वाक्य फिरवले, "बिडव्याकडं माल देऊ नका, पैसं पाण्यात जात्यात."

चाकणला काम कसे चालते ते माहीत असेल, तर या एका वाक्याचे वजन कळेल. इथे एकाच छताखाली पूर्ण वस्तू क्वचितच होते. पत्रा एका गल्लीत कापला जातो, दुसरीत वाकवला जातो, तिसरीत जोडला जातो आणि चौथीत रंगतो. या गल्लीतून त्या गल्लीत टेम्पो जातो तो विश्वासावर. सयाजीच्या दारात टेम्पो यायचे थांबले. पावडरवाल्याचे थकले, बँकेने भट्टी नेली. औशाहून येऊन पंचवीस वर्षे घासल्यावर पुनावळ्यात बुक केलेला फ्लॅट त्याने रद्द केला. बायको दीपमाला रहाटणीच्या भाड्याच्या खोलीत डबे करू लागली. सयाजी दुसऱ्याच्या शेडमध्ये सुपरवायझर म्हणून उभा राहिला आणि जेवताना कोणाशी बोलेनासा झाला.

"सोडून द्या आता," दीपमाला म्हणायची.

"सोडायलोय की," तो म्हणायचा. सोडत मात्र नव्हता.

दरम्यान गल्ल्यांतला माल बदलला. जिथे गाड्यांच्या सायलेन्सरच्या पट्ट्या वाकत, तिथे सर्व्हरची रॅक वाकू लागली. चिप परदेशातून येते, सर्व्हर कुठून कुठून येतात, पण ते ज्या लोखंडी कपाटात बसतात ते कपाट, केबलचे ट्रे, जनरेटरची खोकी, चिप तपासणाऱ्या यंत्रांचे सांगाडे, हे सगळे याच पट्ट्यात बनते. कटिंगवाला ज्योतीराम हसून सांगायचा, "लोकांचे फोटो ढगात ऱ्हात्यात म्हणे. ढगाला कडीकोयंडा आपण लावतो, भावा!"

या कामाने सयाजीला पुन्हा उभे केले. म्हाळुंग्याला भाड्याची शेड, हप्त्यावरची भट्टी, आणि जुन्या माणसांपैकी एकटी परत आलेली कस्तुरा. कस्तुरा मास्किंग करायची. रॅकला जिथे अर्थिंगची वायर जोडायची, तिथे रंग लागून चालत नाही. ती जागा आधी चिकटपट्टीने झाकायची. तिच्या हाताखाली दोन बायका होत्या. हिंजवडीच्या पलीकडे उभ्या राहणाऱ्या एका डेटा सेंटरच्या ठेकेदार कंपनीने काम पाहून सयाजीच्या शेडला मान्यता दिली. त्यांची रॅक कोणीही बनवावीत, रंगवायची मात्र मान्यताप्राप्त ठिकाणीच. अशी ठिकाणे दोन होती, एक बेंगळुरूला आणि एक सयाजीची.

गेल्या वर्षी त्या कंपनीची साडेसहाशे रॅकची ऑर्डर रविराजला लागली. त्याने गल्लीत पेढे वाटले, आणि मग ड्रॉइंगवरची ती अट वाचली.

तो सयाजीकडे आला तो गाडी लांब लावून.

"सयाजीराव, झालं गेलं. आता धंदा बघू."

"बघू की. या, बसा शेठ."

सयाजीने त्याला चहा दिला. भाव एक पैसा चढा सांगितला नाही. रविराज निघाल्यावर कस्तुरा म्हणाली, "दादा, लई सरळ बोललाव."

"वाकडं बोलायला वेळ आहे," सयाजी म्हणाला.

त्याला पैसे नको होते. त्याचे नाव ज्या लोकांत बुडाले, त्याच लोकांदेखत ते रविराजच्या तोंडून वर यायला हवे होते. आणि त्यानंतर रविराजला कळायला हवे होते की दार बंद झाल्यावर कसे वाटते. या दोनपैकी एकावर त्याचे भागणार नव्हते, हे त्याने दीपमालालाही सांगितले नव्हते.

पहिली खेप चाळीस रॅकची. पैसे वाचावेत म्हणून रविराजने लोखंड धुण्याच्या टाक्या स्वतःच्याच कारखान्यात बसवल्या होत्या. धुतलेले लोखंड उघडे असते. त्याच पाळीत रंगवले नाही तर दमट हवेत गंज धरते. त्यामुळे ठरले असे की बुधवारी सकाळी धुवायचे, दुपारी सयाजीकडे पोहोचवायचे, रात्रीपर्यंत भट्टीतून काढायचे. शुक्रवारी सकाळी कंपनीची तपासनीस पद्मजा पाहणार आणि लगेच माल हलणार. मधल्या गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी.

बुधवारी तळेगाव चौकात कंटेनर आडवा झाला. रविराजचा ट्रक अडकला तो अडकलाच. कस्तुरा आणि तिच्या दोघी चिकटपट्ट्या कापून तयार बसल्या होत्या. सयाजी फाटकाशी उभा राहून रस्ता पाहत होता, आणि ट्रकला जसजसा उशीर होत गेला तसतसा त्याचा चेहरा मोकळा होत गेला. त्याच्या फाटकावर पाटी होती, 'सहानंतर माल घेतला जाणार नाही.' ती पाटी त्याने कधीच पाळली नव्हती. इथे चौकाचा जाम धरूनच वेळ सांगतात, सगळेच उशिरा येतात आणि सगळेच फाटक उघडतात.

सहा वाजले तशी त्याने भट्टीचा गॅस बंद करायला सांगितला.

ट्रक आला तेव्हा अजून उजेड होता. मागोमाग रविराज मोटारसायकलवर, घामाघूम. सोबत ज्योतीराम होता. त्याचाही पत्रा त्या रॅकमध्ये होता.

"उघडा, राव. चौकानं पार वाट लावली."

"सहा वाजून गेले, शेठ. पाटी आहे."

"पाटी? आरं, तुझी पोरं हायेत, बाया हायेत. डबल ओव्हरटाइम मी देतो."

"उद्या गुरुवार. पोरांना गावाकडं जायचंय."

"आमी न्हाई जायलो," आतून एक पोरगा म्हणाला. सयाजीने वळून पाहिल्यावर तो भट्टीमागे सरकला.

रविराजने आवाज खाली आणला. "सयाजीराव, धुतलेलं लोखंड हाय. परवापर्यंत गंज धरंल. पहिलीच खेप हाय माझी."

"गंजलेला माल पाठवायची सवय आहे की तुम्हाला."

ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून उभा राहिला. शेजारच्या शेडचे दोघे-तिघे येऊन थांबले. रविराजने सगळ्यांकडे पाहिले. तो मूर्ख नव्हता. काय मागितले जात आहे ते त्याला कळले.

"व्हय," तो म्हणाला. "तवाचा माल माझ्याच आवारात भिजला व्हता. तुझा रंग चांगला व्हता. मी खोटं बोललो."

"मोठ्यानं बोला. ज्योतीरामला ऐकू आलं नसेल."

"ऐकलं, ऐकलं मी," ज्योतीराम घाईने म्हणाला. "आता उघड, भावा. माझाबी पत्रा हाय त्यात."

तरीही रविराजने सगळे पुन्हा, मोठ्याने म्हटले. म्हणताना त्याची मान खाली होती. सयाजीने ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकले. असे ऐकायला मिळावे म्हणून त्याने किती जेवणे मुकाट्याने गिळली होती, ते त्याचे त्यालाच माहीत.

कस्तुरा उठली, पदर खोचला. "चला गं, पट्ट्या घ्या. दादा, गॅस लावायला सांगा."

"बस खाली," सयाजी म्हणाला. मग रविराजला म्हणाला, "ऐकलं शेठ. बरं वाटलं. ट्रक इथंच लावा, शुक्रवारी पहिला नंबर तुमचा. उद्या गुरुवार."

आणि त्याने फाटक लावून कुलूप घातले.

"दादा, माणूस बोलला की आता," कस्तुरा म्हणाली.

"बोलला. मीबी तवा बोललो होतो, त्याच्या दारात. त्यानं उघडलं होतं का?"

शुक्रवारी पद्मजा आली. ट्रकमधल्या रॅकवरचे प्लास्टिक काढून तिने पांढरे फडके फिरवले. फडके विटकरी झाले.

"बिडवे सर, हे बुधवारी रात्री झालं असतं ना?"

"माल सहानंतर आला, मॅडम."

"नियमाने तुम्ही बरोबर आहात," ती म्हणाली. तिने फडके घडी करून पिशवीत ठेवले आणि तिथूनच फोन लावला. चाळीसही रॅक नापास झाली. उरलेली सहाशे दहा बनवायला आणि रंगवायला, दोन्हीसाठी बेंगळुरूला गेली. त्या खेपांसाठी ज्योतीरामने पत्रा आणून ठेवला होता, तो त्याने तोट्यात विकला. सयाजीशी तो आता राम राम करतो, पण टपरीवर थांबत नाही. रविराज अजून कारखाना चालवतो. दोन पाळ्यांची आता एकच केली आहे.

त्या रात्री दीपमालाने विचारले, "मिळालं का मनासारखं?"

"मिळालं," सयाजी म्हणाला, आणि पोटभर जेवला. भट्टीचे पुढचे हप्ते त्या सहाशे दहा रॅकच्या पैशांतूनच फिटणार होते, हे त्याला माहीत होते. तरी जेवला.

शनिवारी कस्तुरा पुढे येऊन उभी राहिली. "दादा, बुधवारची मजुरी. आमी तिघी बसून होतो."

"मास्किंग झालंच नाही कस्तुराबाई. नगावर मजुरी आहे."

"काम होतं, तुमी करू दिलं न्हाई. तवा तुमचं बुडालं तसं माझंबी काम गेलं होतं. मी तुमाला काही मागितलं न्हवतं."

सयाजीने खिशात हात घातला, तसाच बाहेर काढला. "दहा तारखेला देतो."

दहा तारीख होऊन गेली. तिघींचे शंभर-शंभर, असे तीनशे रुपये सयाजीकडून कस्तुराला अजून येणे आहेत.