वाणात दिलेला माळा

आमच्या जावयांएवढा नीटनेटका माणूस पुणे शहरात दुसरा नाही, आणि त्यांच्या घराएवढं भरलेलं घरही दुसरं नाही. दोन्ही गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत, आणि दुसरी गुडघा आपटून तपासलीही आहे. जावई हिंजवडीला कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतात आणि तिथेच जवळ एका बेडरूमच्या घरात राहतात. त्या घरात माझी मुलगी, जावई आणि त्यांचे व्हिडिओ गेम असे तिघे राहत होते. मानाच्या क्रमाने सांगायचं तर हीच नावं उलटी वाचावीत. व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायची यंत्रं, त्यांत घालायच्या कॅसेटी आणि डिस्क, हातात धरायचे रिमोट आणि हे सगळं ज्या खोक्यांतून आलं ती खोकी. लोक खोकं फाडून वस्तू काढतात. जावई वस्तू काढतात आणि खोक्याला जपतात.

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले. हडपसरहून निघून स्वारगेटला बस बदलून पोचेपर्यंत कंबर मोडली होती, म्हणून दारातल्याच एका स्टुलावर बसले. जावई धावत आले. "आई, त्यावर नको, तिकडे सोफ्यावर बसा ना." सोफ्यावर बसले तर तो खालून टणक. आत कॅसेटी. रात्री दिवाणावर झोपले, त्याच्याही पोटात यंत्रं. सकाळी शिऱ्यासाठी रव्याचा डबा उघडला तर आत रंगीत चित्रांच्या कॅसेटी मुंग्यांसारख्या ओळीत उभ्या. मी म्हटलं, "अहो, रवा कुठे आहे?" ते म्हणाले, "रवा आम्ही लागेल तसा आणतो, आई. हा डबा फार कोरडा राहतो." बायकोच्या रव्याला घरात जागा नाही हे इतक्या अदबीने सांगणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. मुलगी मागून म्हणाली, "देवघराच्या खालचा कप्पा उघडू नकोस. तिथे देवाचं काही नाही."

पण एक सांगते. त्या घरात कुठेही बोट फिरवा, धूळ लागणार नाही. आणि कोणतीही वस्तू मागा, जावई सरळ तिच्यापाशी जातात. मी एकदा परीक्षा घेतली. टीव्हीवर एक यंत्र दाखवत होते. मी म्हटलं, "हे आहे का तुमच्याकडे?" ते उठले, फ्रिजवरचं एक खोकं बाजूला केलं, पंख्याच्या खोक्यातून दुसरं काढलं, त्यातून पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं ते यंत्र माझ्या मांडीवर ठेवलं. चहा निवायच्या आत. माझ्या घरात सुई कुठे आहे हे मला असंच माहीत असतं. तेव्हा मनात म्हटलं, हा माणूस आपल्या जातीचा आहे. जात म्हणजे वस्तू सांभाळणाऱ्यांची.

कॅसेट चालेनाशी झाली की लोक तिच्यात फुंकर मारतात म्हणे. जावयांसमोर कोणी तोंड पुढे केलं की ते हात आडवा घालतात. "फुंकर नको. थुंकी उडते, आतलं पितळ गंजतं." मग कान कोरायच्या काडीला स्पिरिट लावून बाळाचे कान पुसावेत तशी ती कॅसेट पुसतात. पावसाळ्यात तर त्यांची झोप उडते. डिस्कला बुरशी धरते. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे बुटांच्या खोक्यात येते ती पांढरी पुडी, जिच्यावर 'खाऊ नये' असं लिहिलेलं असतं. मी आमच्या गल्लीत सांगून ठेवलं. आता नवी चप्पल, नवी पर्स, औषधाची बाटली, काहीही आलं की बायका न खायची पुडी माझ्या दारात आणून देतात. मे महिन्यात मी गच्चीवर कुरडया घालते, त्यांच्या शेजारी वेगळ्या चादरीवर पुड्या वाळत घालते. पुडी एकदा उन्हात तापली की पुन्हा वर्षभर ओल पिते. धान्यात आम्ही कडुनिंबाचा पाला घालतो, जावई पुडी घालतात. अक्कल एकच.

आता कोणी विचारेल, एवढं जमवून ते खेळतात कधी? मीही विचारलं होतं. ते म्हणाले, "वेळ मिळाला की, आई." वेळ काही मिळत नाही. रोज ऑफिसच्या बसमध्ये दोन्ही वेळा अडकतात, घरी येऊन जेवतात, एक खोकं काढतात, बघतात, पुसतात, ठेवतात. माझी मुलगी याला वेड म्हणते. मी म्हणत नाही, कारण माझ्या कपाटात एक डिनर सेट आहे, पाहुण्यांसाठी ठेवलेला. पाहुणे येऊन गेले, काही वारलेही. सेट अजून खोक्यात आहे.

एकच गोष्ट त्यांना सोसत नाही, ती म्हणजे वस्तूवर उमटलेली खूण. एकदा मुलीचे मामा त्यांच्याकडे गेले होते. फोनवर कोणीतरी नंबर सांगत होतं, मामांनी खिशातलं बॉलपेन काढलं आणि समोरच्या खोक्यावर नंबर लिहिला. जावई त्या दिवशी जेवलेही नाहीत. नंतर मला त्यांनी समजावून सांगितलं. "आई, वस्तू तीच राहते, चालतेही. पण तिच्यावर एक रेघ उठली की जमवणारे लोक तिला हात लावत नाहीत. संपली ती." मी म्हटलं, "मग मामांचा नंबर तरी जपून ठेवा, महागाचा आहे." ते हसले नाहीत.

पुढे मुलीला दिवस गेले. नात झाली. रेवा. बाळंतपण माझ्याकडे झालं, सव्वा महिन्याने मुलगी घरी जायला निघाली तेव्हा पाळणा कुठे ठेवायचा हा प्रश्न आला. पाळण्याला जागा नव्हती. माझी मुलगी आरडाओरडा करणारी नाही, माझ्यावर गेली आहे. ती एवढंच म्हणाली, "रेवाला पुसून एखाद्या डब्यात ठेवता येत असेल तर बघा." जावयांनी मान खाली घातली. दोन दिवसांनी कळलं, त्यांच्या ऑफिसातला एक जण सगळंच्या सगळं विकत घ्यायला तयार आहे. पत्र्याच्या डब्यांतले काही खास गेम त्यांच्याकडे होते, शाळेत असल्यापासून जुन्या बाजारात पायपीट करून आणि परगावाहून मागवून जमवलेले. त्या गृहस्थाचा जीव त्या डब्यांवर होता. रविवारी येऊन नेतो म्हणाला होता.

तो अधिक महिना होता. अधिकात जावयाला नारायण मानतात, जेवायला बोलावतात, अनारशांचं वाण देतात, वर चांदीची वस्तू देतात. मी पुरणाचे धोंडे केले. जावई आले, पाटावर बसले, जेवले. एरवी धोंड्यांवर तूप मागून घेतात, त्या दिवशी मागितलं नाही. मी वाण दिलं आणि म्हटलं, "चांदीचं निरांजन आणायचं आहे. का दुसरं काही हवं?"

ते म्हणाले, "काही नको, आई. ठेवायला जागा नाही."

हे ते थट्टेने म्हणाले नाहीत. मुलगी खाली बघून वरण कालवत बसली.

माझं घर कामगार वसाहतीतलं, दोन खोल्यांचं. पण स्वयंपाकघरावर लांबरुंद माळा आहे. त्यावर माझी मोठी भांडी होती. पातेली, पराती, कढया, झारे. एकेक करून जमवलेली. वसाहतीतलं एकही बारसं, एकही साखरपुडा त्यांच्याशिवाय झाला नाही. आणि माळ्यावरून गेलेलं एकही भांडं हरवलं नाही, कारण प्रत्येकावर माझं नाव आणि पत्ता घातलेला. एका पातेल्याचं झाकण कोणाच्या तरी लग्नात जे गेलं ते सात गावं फिरून काही वर्षांनी सासवडहून परत आलं. त्या बाईला मी ओळखतही नव्हते. झाकणावर वाचून आली. पण अलीकडे कोणी मागायला येत नाही. केटररवाले सगळं घेऊन येतात. दरवर्षी दिवाळीला मी भांडी खाली काढत होते, घासत होते, वर ठेवत होते.

मी म्हटलं, "माळा घ्या. भांडी मी वसाहतीच्या मंडळाला देते. अधिकाचं वाण समजा."

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मापं सुरू झालेली मला दिसली. "आई, खरंच?"

"खरंच. पण माझ्या माळ्यावर नाव घातल्याशिवाय वस्तू जात नाही. आजवर गेली नाही."

"नाव म्हणजे?"

"नाव म्हणजे नाव. दुकानात मशीनने घालतात तसं. तुमच्या पत्र्याच्या डब्यांवर."

मुलगी म्हणाली, "अगं आई, काहीतरीच काय. ते डबे वाया जातील."

मी चौथीपर्यंत शिकले आहे, पण मला समजत होतं. रेघ उठली की काय होतं ते जावयांनीच शिकवलं होतं. माझं म्हणणं साधं होतं. आज माळा दिला आणि उद्या दुसरं कोणी गिऱ्हाईक आलं, तर माझी भांडी फुकट गेली. ठेवायचं असेल तर ठेवायचं. वस्तू विकायची नसेल तर नाव घालायला हरकत नसावी. हे मी बोललेसुद्धा. जावयांनी हात धुतले आणि गच्चीवर जाऊन बसले. अनारसे तसेच राहिले. मला वाटलं, गेला हा माणूस.

खाली आले ते म्हणाले, "आई, दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

ते घरून डबे घेऊन आले, आणि रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. भांडं विकत घेतल्याशिवाय ते नाव घालत नाहीत, म्हणून मी एक वाटी घेतली. जावयांनी डबे मऊ कापडातून काढले. दुकानदाराने पहिला डबा मशीनखाली धरला आणि विचारलं, "काय घालू?" मला वाटलं, स्वतःचं नाव सांगतील. ते म्हणाले, "चि. रेवा. आजीचा माळा, हडपसर." मशीन टर्र वाजायला लागलं तसे ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. पण प्रत्येक डबा झाला की वळून अक्षर तपासत होते. एका डब्यावर ओळ जरा वाकडी आली, तर म्हणाले, "ही सरळ हवी होती." दुखणं सोसतील, गबाळेपणा सोसणार नाहीत.

"माळ्याचं नाव कशाला?" मी विचारलं.

"हरवलं तर पत्ता नको का?"

रविवारी तो गृहस्थ मोटार घेऊन आला. मीही मुलीकडेच होते. जावयांनी त्याच्या हातात एक डबा दिला. त्याने तो उलटा केला आणि त्याचा चेहरा पडला. "हे कोणी केलं?"

"मीच करून घेतलं," जावई म्हणाले.

"तुला कळतं का काय केलंस ते? झीरो झालं हे."

"हो," जावई म्हणाले. "चहा घेणार?"

त्याने चहा घेतला नाही. तो जिना उतरून गेल्यावर माझी मुलगी बराच वेळ त्या डब्यावरचं नाव बोटाने चाचपत होती. मग म्हणाली, "पाळणा खिडकीशी ठेवू."

आता माळ्यावर सगळं ओळीत आहे. गव्हाच्या जुन्या कोठ्यांत कॅसेटी, वर यंत्रं, कडेला पुड्या. दर रविवारी जावई येतात, शिडी लावतात आणि मी शिडी धरते. त्यांचा अर्धा देह माळ्यात आणि पाय माझ्या नाकासमोर. वरून एकेक वस्तूचं नाव सांगतात, मला त्यातलं काही समजत नाही, मी हूं म्हणते. रेवा खाली बसून माझी वाटी बडवते. वसाहतीत येणाऱ्या बायकांना मी माळा दाखवते. असा जावई दाखवा म्हणते. एकीलाही दाखवता आलेला नाही.

हल्ली वसाहतीत बिल्डरची माणसं फेऱ्या मारतात. ही घरं पाडून मोठी इमारत होईल म्हणतात. त्या घरांना माळे नसतात. आणि माझे गुडघेही आता शिडीपाशी फार वेळ उभे राहत नाहीत. परवा मी खालूनच विचारलं, "अहो, माळाच राहिला नाही, मीही नाही राहिले, तर तुमच्या त्या पत्त्याचं काय?"

वर खुडबुड थांबली. मग जावई म्हणाले, "सासवडहून झाकण आलं होतं ना, आई?"

मी शिडी जरा घट्ट धरली.