संत्र्याच्या डब्यातलं पाणी

माझ्या नणंदेला टीबी झाला होता, पण आमच्या घरात तो शब्द कोणी तोंडातून काढत नव्हतं. "खोकला" म्हणायचे. पावसाळ्याआधी यजमान तिला नागपूरच्या दवाखान्यात ठेवून आले, आणि अहेरीत सगळ्यांना सांगितलं की ती मावशीकडे शिवण शिकायला गेली आहे. माझं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती गेल्यावर घरात आम्ही चौघं उरलो. सासरे लाकडाच्या डेपोत कारकून होते, यजमान शाळेत मास्तर होते, आणि आम्ही दोघी सासू-सून घरात.

लपवण्याला कारण होतं. नणंदेचं लग्न ठरलेलं होतं आणि ते माझ्या माहेरच्या नात्यातच, नागभीडला. त्यामुळे सगळ्यात जास्त खोटं माझ्या वाट्याला आलं. माहेरचं कोणी भेटलं की पहिला प्रश्न तिचाच असे. मी म्हणायची, आता झंपर शिवायला शिकली आहे. आणि लगेच दुसरा विषय काढायची.

निघायच्या दिवशी ओसरीच्या पायरीवर बसून ती दम घेत होती. यजमान बसची चौकशी करायला गेले होते. कोपऱ्यातल्या डब्याकडे बोट करून ती मला म्हणाली, "वहिनी, याले पाह्यजो."

रॉकेलच्या रिकाम्या डब्यात तिने संत्र्याचं बी लावलं होतं. कधीतरी नागपूरहून कोणी संत्री आणली होती, त्यातलंच. झाड आता माझ्या कमरेला लागत होतं. शेळ्या खातात म्हणून डबा ओसरीवर, वळचणीच्या आत ठेवलेला असे. पानं गडद आणि चकचकीत, चुरगाळलं की बोटांना वास राहायचा. ती रोज ओल्या फडक्याने पानं पुसायची. आम्ही हसायचो तिला.

पावसाळा लागला आणि नद्या भरल्या. अहेरीची वाट बंद झाली. नागपूरची खबर येईना. घरात कोणी कोणाशी कामापुरतं सोडून बोलत नव्हतं. सासरे डेपोतून आले की भिंतीला टेकून बसून राहत. सासूबाई मोहाची फुलं निवडायला घेत आणि निवडलेली पुन्हा निवडत. आणि त्याच दिवसांत संत्र्याच्या पानांची टोकं तपकिरी पडायला लागली.

आधी मला वाटलं, जुनी पानं आहेत, गळतील. मग तो तपकिरी रंग टोकावरून काठाने वर सरकला. मधला भाग पिवळा आणि शिरा तेवढ्या हिरव्या. एक पान गळून पडलं, ते उचललं तर वाळलेलं नव्हतं, मऊच होतं. सासूबाईंनी ते माझ्या हातात पाहिलं.

"पोरीनं तुह्या हाती देल्लं होतं ना," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला कळत होतं त्यांच्या मनात काय आहे, कारण माझ्याही मनात तेच होतं. झाड जळालं तर तिचं काही खरं नाही. असं काही नसतं हे मला कळत होतं. सातवीपर्यंत शिकले होते मी. पण सकाळी उठल्याबरोबर चुलीआधी मी त्या डब्याकडे जात असे.

मी उपाय करायला घेतले. आधी वाटलं कीड असेल. पानं उलटी करून पाहिली, काही दिसलं नाही, तरी कडुनिंबाचा पाला उकळून ते पाणी शिंपडलं. चुलीतली राख बुडाशी टाकली. शेजारच्या बाई म्हणाल्या, काठ करपले म्हणजे झाड तहानलेलं असते, पानी वाढव. ते मला पटलं. माझ्या माहेरी धानाची शेती. पाण्यात उभं असलेलं हिरवंगार पीक पाहतच मी वाढले. मग दुपारची भांडी झाली की मी एक तांब्या जास्तीचा टाकायला लागले. ऊन लागत असेल म्हणून डबा आणखी आत, भिंतीच्या सावलीत सरकवला.

झाड आणखी बिघडलं. एका बाजूची फांदी उघडी पडली. मातीवर हिरवं शेवाळ धरलं आणि बारीक चिलटं उठायला लागली.

पाऊस उघडला तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी यजमान शाळेतून आले होते. मी म्हटलं, हा डबा जरा अंगणात काढू, निदान उन्हात तरी ठेवून बघू. डबा उचलायला गेले तर जागचा हलेना. सावलीत सरकवला होता तेव्हा मी एकटीने सरकवला होता. यजमानांनी एका बाजूने धरून तिरका केला, तशी पत्र्याच्या जोडातून काळ्या पाण्याची धार निघाली आणि तिचा असा वास आला की मी पदर नाकाला लावला. पावसाळ्यात कुजलेल्या पाल्याचा असतो तसा वास.

तेवढ्यात सासरे डेपोतून आले. पायरीशी भरून ठेवलेल्या लोट्यातून त्यांनी पाय धुतले, वर आले, आणि लोट्यात उरलेलं पाणी आमच्या डोळ्यांदेखत डब्यात ओतलं. त्यांचं लक्षही नव्हतं. हाताला सवय पडली होती.

मी विचारलं, "मामाजी, तुम्ही रोज टाकता काय याच्यात पानी?"

ते थांबले. "टाकतो ना. मले वाटलं कोनीच नाई पाहून राह्यलं याच्याकडं."

"मी टाकतो ना बाबा, शाळेत जाताना," यजमान म्हणाले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "सकारी आंघोळ झाली का तांब्याभर मी घालून राह्यली. ते गेली तवापासून."

मी माझ्या दुपारच्या तांब्याचं सांगितलं. चौघं एकाच घरात राहत होतो, एकाच चुलीचं खात होतो, आणि प्रत्येक जण दुसऱ्याची नजर चुकवून तिच्या झाडाला पाणी घालत होता. सासूबाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि रडायला लागल्या. ती गेल्यापासून त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं.

"जिवंत हाय का नाई तेही मले माहीत नाई," त्या म्हणाल्या. "इचारू कोनाले? घरात नावच घेत नाई कोनी."

सासरे त्यांच्याजवळ खाली बसले. "नद्या उतरल्या," ते म्हणाले. "बस सुरू झाली का जाऊ आपन. सगळेच जाऊ."

"आन् लोक इचारतीन तं?"

"तं सांगू."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. यजमानांनी पत्रा कापून मातीचा गोळा बाहेर काढला. डब्याच्या बुडाला नणंदेने एकच भोक पाडलं होतं, ते चिकण मातीने बुजून गेलं होतं. मुळं काळी पडली होती. चिमटीत धरलं की वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत दोरा राहायचा. खोडालगत, वरच्या मातीत, थोडी पिवळसर पांढरी मुळं शाबूत होती. मी कात्रीने काळी तेवढी कापून टाकली, राहिलेली धुतली आणि झाड दुपारपर्यंत सावलीत गोणपाटावर ठेवलं. सासऱ्यांनी दुसऱ्या डब्याला खिळ्याने बरीच भोकं पाडली आणि बुडाशी विटांचे तुकडे अंथरले. यजमानांनी सायकलवरून नदीची वाळू आणली. वाळू, माती आणि जंगलातला कुजलेला पाला असं मिसळून झाड लावलं. मुळं कमी राहिली म्हणून फांद्याही कमी केल्या. सासूबाईंना ते बघवेना. "बोडकं केलं," म्हणाल्या. पण थांबवलं नाही.

पाणी कोणी घालायचं हेही तेव्हाच ठरलं. मी एकटीने, आणि तेही मातीत बोट घालून, आत कोरडं लागलं तरच. सासऱ्यांचा हात लोटा घेऊन तिकडे जायचा आणि ते मध्येच थांबून पाणी अंगणात टाकून द्यायचे.

बस सुरू झाली तेव्हा झाडाला ना नवं पान होतं ना ते मेलं होतं. ते तसंच सोडून, शेजारच्या बाईंना पाणी घालू नका असं बजावून, आम्ही निघालो. बसने चांद्याला आणि तिथून रेल्वेने नागभीडला आलो. तिथे नागपूरची गाडी बदलायची होती. सासरे म्हणाले, "तुम्ही इथी बसा. मी त्यायच्या घरी जाऊन येतो." यजमान सोबत निघाले, त्यांना नको म्हणाले. मी म्हटलं, मी येते, माझीच माणसं आहेत. "नाई बाई, हे मलेच सांगा लागते," ते म्हणाले आणि टोपी नीट करून गेले.

फलाटावर सासूबाई माझा हात धरून बसल्या होत्या. सासरे परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. चहा पाजला त्यांनी, एवढंच म्हणाले. मग गाडीत बसल्यावर म्हणाले, "लगन मोडलं."

दवाखान्यात बायकांच्या खोलीत ओळीने खाटा होत्या. नणंद खिडकीकडच्या खाटेवर होती. तिचे केस कापले होते आणि गळ्याची हाडं वर आली होती. जिवंत होती. नर्सने आम्हाला लांब उभं राहायला सांगितलं. सासूबाईंनी ऐकलं नाही, जाऊन सरळ खाटेवर बसल्या आणि तिचं डोकं छातीशी धरलं.

झाडाची सगळी हकिगत मी मनात जुळवून आणली होती. तिने झाडाचं विचारलंच नाही. सुया फार दुखतात म्हणाली, शेजारच्या खाटेवरची बाई गेल्या आठवड्यात वारली म्हणाली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "वहिनी, तुह्या माहेरी सांगितलं का?"

मी सासऱ्यांकडे पाहिलं.

"सांगितलं," ते म्हणाले. "सोता जाऊन सांगितलं. ते नाई म्हनाले."

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. आम्हाला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "बरं केलं, बाबा. मले रोज वाटे, बरी होऊन घरी गेली तं अजून किती खोटं बोला लागते."

पुढच्या पावसाळ्याआधी ती घरी आली. दम मात्र जन्मभर लागत राहिला. तिचं लग्न झालं नाही. माझ्या माहेरच्यांनी मला बरीच वर्षं लग्नाकार्यात नीट बोलावलं नाही, आणि ते मला लागलंही. नणंद मात्र खरोखरच शिवण शिकली, आणि गावातल्या निम्म्या बायकांचे झंपर तिच्या हातचे असत.