उडवायचं नाही

लाँड्रीतल्या वहिनीचा इस्त्रीत हात धरणारं कुणी नव्हतं. सुरकुती मोडल्याशिवाय तिला चैन पडत नसे, आणि नेमकी हीच सवय तिला गणितात नडत होती.

नकाशे आखायला शिकवणाऱ्या संध्याकाळच्या वर्गात तिला जायचं होतं. पण प्रवेश परीक्षेत ती दोनदा आपटली होती. तिसऱ्यांदा आपटली की दार कायमचं बंद. नवऱ्याने विषय हसण्यावारी उडवून लावला. गणितात तू शून्य, हे त्याचं ठरलेलं वाक्य. स्वतः बारावीपर्यंत गणित केलेला. माणूस वाईट नव्हता, जीभ सैल होती. शिकवायला बसली नणंद. गणिताची मास्तरीण ती, भावजयीच्या चुका काढायची आयती संधी कशाला सोडते!

इस्त्रीच्या टेबलावर नणंदेने दोन ओळींचा निश्चयक मांडला. वर साइन दोन थीटा आणि साइन थीटा, खाली एक आणि एक, किंमत शून्य. थीटा शून्यापासून एकशेऐंशी अंशांपर्यंत. तिरका गुणाकार, मग वजाबाकी, इथवर वहिनी झरझर गेली. साइन दोन थीटा सूत्राने उलगडला: दोन साइन थीटा कॉस थीटा बरोबर साइन थीटा. दोन्हीकडे साइन दिसताच तिने तो उडवला आणि सगळं सपाट केलं. कॉस अर्धा, उत्तर साठ.

नणंदेने पुस्तक पुढे सरकवलं. उत्तरं तीन होती: शून्य, साठ, एकशेऐंशी. वहिनीचा चेहरा पडला. दोन्ही वेळा ती अशाच गणितांत गेली होती. तिचे डोळे भरलेले पाहून नणंद चिडवायचं विसरली.

"वहिनी, साइन स्वतःच शून्य असेल तर? उडवणं म्हणजे भागणं, आणि शून्याने भागता येत नाही गं. जे शून्य असू शकतं ते उडवायचं नाही, कंसाबाहेर काढून ठेवायचं. त्यातूनही उत्तर निघतं."

वहिनीने डोळे पुसले. "हे जरा तुझ्या दादाला सांग," ती म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या.

परीक्षेत तसंच गणित आलं, फक्त साइन थीटाच्या जागी कॉस थीटा होता. हात सवयीने रेघ मारायला गेला आणि थांबला. तिने कॉस कंसाबाहेर काढला. तीस, नव्वद, दीडशे. नव्वद लिहिताना तिला फार आनंद झाला. उडवाउडवीत हाच निसटला असता.

वहिनी पास झाली. निकालाच्या संध्याकाळी नणंदेने ते पहिलं गणित भावापुढे टाकलं. त्याने ऐटीत पेन्सिल उचलली आणि दोन्हीकडचा साइन उडवला.

वहिनीने खोडरबर त्याच्यापुढे ठेवला.