वृंदाचा हिरवा स्वेटर

ही गोष्ट माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेली नाही. देवापुढेसुद्धा नाही — तिथे हात जोडून मी दुसऱ्याच कसल्यातरी बारीकसारीक चुकांची माफी मागतो आणि उठतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि वृंदालाही ओळखत नाही — खरं तर हेच कारण जास्त मोठं आहे.

वृंदा माझी बायको. आम्ही बडोद्याला, समा भागातल्या एका सोसायटीत राहतो. मी कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो, त्यामुळे सगळी माणसं बाहेर असतात तेव्हा मी पुष्कळदा घरी असतो. एकटा. हे लक्षात ठेवा.

तिचं विणकाम स्वयंपाकघरात चालायचं. वेगळा वेळ काढून, खुर्चीत नीट बसून विणताना मी तिला फारसं पाहिलेलं नाही. डाळ शिजेपर्यंत, दूध वर येईपर्यंत, आमच्या लेकीच्या, मुक्ताच्या, ऑफिसच्या डब्यातली भाजी निवेपर्यंत — तेवढ्यात एखादी ओळ. डोळे गॅसवर, बोटं सुयांवर. कुकरची शिट्टी झाली की ओळ पुरी करायची, सुईच्या टोकाला रबराचं बूच लावायचं — इंजेक्शनच्या बाटलीला असतं ना, तसलं — म्हणजे टाके निसटत नाहीत. मग ते सगळं बिऱ्हाड फ्रिजवर. पोळ्या झाल्या की परत खाली. कणकेचा हात लोकरीला लागला असं एकदाही झालं नाही, आणि लोकरीपायी पोळी करपली असंही नाही. हे मी आज कबूल करतो. त्या वेळी मी वेगळंच म्हणत होतो.

बडोद्याला थंडी ती कितीशी! वरच्या मजल्यावरचे किरीटभाई — बायको गेल्यापासून एकटेच राहतात, गावच्या शेतातली मेथी सगळ्या सोसायटीत वाटतात — दारातूनच ओरडायचे, "भाभी, ठंडी जशे पछी तमारुं स्वेटर पूरुं थशे!" आणि ही आतून, "तो आवता वरसे काम लागशे, किरीटभाई!" थंडी सरल्यावर पुरा झाला तर पुढच्या वर्षी कामी येईल, म्हणून दोघं हसायची. मी पेपर वाचत असायचो. म्हणजे — पेपर समोर धरलेला असायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर तिनं गडद हिरवी लोकर आणली. मी हिरवं घालत नाही, हे तिला माहीत. "कुणासाठी?" मी विचारलं. "बघू," ती म्हणाली, "आधी होऊ तर दे." आणि वळून फोडणीकडे बघायला लागली.

एवढंच. दुसऱ्या कुणी ते तिथेच सोडून दिलं असतं. मी सोडलं नाही. पाठीचा भाग विणून वर चढायला लागला तसा मी एकदा, ती खंडेराव मार्केटला भाजीला गेलेली असताना, तो माझ्या छातीवर धरून पाहिला. माझ्यापेक्षा रुंद. चांगलाच रुंद. मधोमध वेणीची वीण — जी ती फक्त खास माणसासाठी घालते. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या स्वेटरला होती.

मग मी लोकरीची पिशवी धुंडाळली. का धुंडाळली? विचारू नका. पिशवीच्या तळाशी उशीचा अभ्रा होता आणि अभ्र्यात घडी केलेला एका पुरुषाचा शर्ट. निळ्या चौकटींचा. माझा नाही. कॉलरजवळचं एक बटण तुटून त्या जागी तपकिरी बटण लावलेलं — बाकीची पांढरी. मी तो शर्ट नाकाशी नेला. पन्नाशीला आलेला माणूस, भर दुपारी स्वयंपाकघरात उभा राहून परक्या माणसाचा शर्ट हुंगतोय — ह्याहून लाजिरवाणं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. थांबा.

विणणाऱ्या बायका मापाला शर्ट मागून घेतात, हे मला माहीत होतं. माझी आई घ्यायची. म्हणजे हा मापाचा शर्ट. म्हणजे माप देणारा माणूस आहे. मग पुढचे कितीतरी दिवस मी काय केलं असेल? सोसायटीतल्या प्रत्येक पुरुषाचे खांदे पाहिले. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, दूध आणताना. किरीटभाईंच्या तर मागे मागे जिना चढलो. त्यांचे खांदे बरोबर बसतील असं वाटलं. मेथी जास्तच यायला लागली आहे असंही वाटलं. त्या मेथीचे ठेपले मी खाल्ले नाहीत. वृंदानं विचारलं, "अहो, पोट बरं नाही का?"

सरळ विचारता आलं असतं. नाही? "हा शर्ट कुणाचा?" — तीन शब्द. पण विचारलं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं, आणि मला उत्तर नको होतं. मला तो स्वेटर पुरा व्हायला नको होता.

आता ते सांगतो.

लहानपणी आईची लोकर उकलताना लडी दोन्ही हातांवर ताणून मी तिच्यासमोर बसायचो. त्यामुळे ह्या कामातलं मला थोडं कळतं. टाका कसा सुटतो ते कळतं. एका दुपारी मी सुईवरचं बूच काढलं, मधले काही टाके उतरवले, वेणीच्या जागचा एक टाका सोडून बोटानं हळूहळू खाली उसवत नेला — शिडीसारखी पट्टी पडते — आणि बाकीचे टाके परत सुईवर चढवले. बूच लावलं. फ्रिजवर ठेवून दिलं.

संध्याकाळी ती विणायला बसली आणि "अगं बाई!" एवढंच म्हणाली. मी बाहेरच्या खोलीत होतो. मला बरं वाटलं. हे लपवत नाही — मला बरं वाटलं.

ती माझ्याकडे घेऊन आली. "बघा ना, इतका खाली टाका सुटलाय. बूच तर लावलेलं होतं. म्हणजे विणतानाच सुटला असणार, आणि मला कळलंसुद्धा नाही. पुढे विणतच गेले." तिनं क्रोशाच्या सुईनं उचलून पाहिला, पण वेणी बिघडली होती. तेवढं सगळं उसवलं, परत विणलं. मी परत सोडला. कधी एक, कधी दोन. ती मार्केटला गेली की, देवळात गेली की. आणि केवळ तेवढ्यावर थांबलो असतो तर —

नाही, थांबलो नाही. मी बोलायला लागलो. अगदी प्रेमानं. "हल्ली तुझं लक्ष नसतं गं." "परवा दूधही उतू जाता जाता राहिलं." राहिलं होतं! गेलं नव्हतं! पण मी वाक्य असं टाकायचो की गेल्यासारखंच वाटावं. "इतकी कामं, त्यात हे विणकाम. झेपतं का आता?"

वृंदाची आई शेवटी शेवटी सगळं विसरली होती. लेकीला "तुम्ही कोणाकडच्या?" असं विचारायची. वृंदा त्या आजारपणाबद्दल कधीच बोलत नाही. आणि हे मला ठाऊक होतं. टाका सोडताना ठाऊक होतं. ते वाक्य टाकताना ठाऊक होतं.

एक दिवस पोळ्या लाटताना, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "अहो, आईचं असंच सुरू झालं असेल का?"

मी काय म्हणालो असेन? "डॉक्टरांना दाखवून घेऊ," म्हणालो. जबाबदार नवऱ्यासारखा.

फतेगंजमधल्या एका डॉक्टरांकडे गेलो. भले गृहस्थ होते. त्यांनी तिला लहान लहान प्रश्न विचारले, चित्रं दाखवली, आकडे उलटे म्हणायला लावले. तिनं सगळं बरोबर सांगितलं — घाबरून, पण बरोबर. मग ते माझ्याकडे वळले. "भाई, घरमां तमने कंई फरक लागे छे?"

तुम्ही ह्या जागी थांबून माझ्याकडे बघा. समोर डॉक्टर, शेजारी बायको, तिची पर्स तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. "नाही" म्हणायला किती लागतं? मी म्हणालो, "हा… थोडोक."

तिनं मान खाली घातली. डॉक्टर म्हणाले काळजीचं काही नाही, झोप नीट घ्या, ह्या ताकदीच्या गोळ्या घ्या. तिनं त्यातलं काही ऐकलं नाही. तिनं माझा एक शब्द ऐकला. रिक्षात म्हणाली, "बरं झालं तुम्ही खरं सांगितलंत."

त्या आठवड्यात तिनं स्वेटर उकलला. सगळा. मला म्हणाली, "जरा हात धरता का?" मी समोर बसलो, दोन्ही हात पुढे केले, आणि ती ओळीमागून ओळ ओढत माझ्या मनगटांवर लोकर गुंडाळत गेली. उकललेली लोकर कुरळी असते. वेणीच्या जागची तर जास्तच. माझी नजर वळली, हात जरा कलले, तशी म्हणाली, "सरळ धरा हो, गुंता होईल." मी सरळ धरले. लडी झाली, ती सुयांसकट भांडी घासणाऱ्या मंजुबेनला देऊन टाकली. बूचसुद्धा.

आणि मग उत्तरायण आली, म्हणजे आपली संक्रांत.

सकाळपासून सगळी सोसायटी गच्चीवर. पतंग, मांजा, लाउडस्पीकर, तिळाची चिक्की. वारा चांगला बोचरा होता. मुक्ता एका उंच मुलाला घेऊन जिना चढून आली. "बाबा, हा हर्षिल." त्यानं वाकून नमस्कार केला आणि सरळ उभा राहिला, तेव्हा मला त्याचे खांदे दिसले. मग शर्ट दिसला. निळ्या चौकटी. कॉलरजवळ तपकिरी बटण.

मी त्या बटणाकडेच बघत राहिलो.

"आंटी," तो अर्धवट मराठीत वृंदाला म्हणाला, "तुम्ही तर स्वेटर बनवणार होते ना!" वृंदा ओशाळली. म्हणाली, "राहिला रे. उत्तरायणला तू तो घालून यावंस, तेव्हाच ह्यांना सांगायचं, असं ठरवलं होतं आम्ही मायलेकींनी. पण आता हातातून होत नाही माझ्या." तो म्हणाला, "मला कुठे ठंडी लागते, आंटी!" आणि दंडांवर काटा उभा राहिलेला स्वच्छ दिसत होता.

"आधी सांगितलं असतं ना," मुक्ता माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "तर बाबा ह्याच्या ऑफिसच्या गेटवर जाऊन उभे राहिले असते. चौकशीला!" सगळे हसले. किरीटभाई सगळ्यात मोठ्यानं हसले. मीही हसलो. त्या हसण्याचा आवाज मला अजून आठवतो.

तेव्हा सांगायला हवं होतं. गच्चीवर नाही तर खाली आल्यावर. मुक्ताचं लग्न ठरल्यावर. लग्न झाल्यावर. प्रत्येक वेळी मला काहीतरी निमित्त सापडलं — आता आनंदात कशाला, आता पाहुण्यांत कशाला. भ्याडाला निमित्तांची कमी पडत नाही.

आता मुक्ताला दिवस गेलेत. परवा आली होती. म्हणाली, "आई, बाळाला टोपडं आणि मोजे तुझ्या हातचे हवेत हं." वृंदा भाजी निवडत होती. हात थांबले. "नको गं," म्हणाली, "विकतचे आण. बाळाचं काम, एखादा टाका सुटला आणि बोट अडकलं तर? मला आता माझाच भरवसा नाही." आणि मग मुक्ताला सोडायला खाली जाताना जिन्यावरून परत वर आली — गॅस बंद केलाय की नाही, ते बघायला. वृंदा अशी रोज परत येते. गॅस रोज बंद असतो.

कधी कधी मला वाटतं, तिला माहीत आहे. बूच ती नेहमी अर्धंच सरकवायची. एकदा मी ते गच्च बसवलं होतं. ते काढताना ती जरा थांबली होती. बुचाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते काय पाहणं होतं? माहीत असून गप्प बसली असेल? — बघा, अजूनही मी तिच्यावरच संशय घेतोय. आणि तोही सोयीचा. तिला माहीत असेल तर मला सांगायला नको! पण ज्या बाईला माहीत आहे ती अर्ध्या जिन्यातून गॅस बघायला परत येणार नाही. तिला माहीत नाही.

तुमच्याकडे मी काही मागत नाही. समजून घ्या असंही म्हणत नाही.

वृंदाच्या हातून एकही टाका सुटला नव्हता. ती काही विसरली नव्हती. हे मी तुम्हाला सांगितलं; सांगायचं होतं तिला. ते मी तिचं अजून देणं लागतो.