डोळे मिटून विमान तपासणारे काका

काका डोळे मिटून विमान तपासायचे. चाकापाशी उकिडवे बसायचे आणि उजव्या हाताचं पहिलं बोट हळूहळू नटांवरून, ब्रेकच्या नळीवरून, टायरच्या कडेवरून फिरवायचे. वैमानिक व्हायला आलेली मुलं हसायची. म्हणायची, म्हातारा जप करतोय. कुणी विचारलंच तर काका सांगायचे, "डोये लाच खातात लेका. घाई असली का त्यायले सारं बराबर दिसते. बोट नाही खात."

ते धाडचे, मी पिंपळगाव राजाची. घरापासून रात्रभराच्या प्रवासावर असलेल्या त्या विमान-प्रशिक्षण संस्थेत आमच्या बुलडाण्याचे आम्ही दोघंच. ते काम तपासून सही करणारे इंजिनिअर, मी त्यांच्या हाताखालची नवी मेकॅनिक. मी शुद्ध बोलायचा कोण आटापिटा करायची! पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काऊन वं, घरी मायसंगं बी असंच बोलते काय?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुसऱ्या दिवसापासून मी बिनधास्त "मले पाना द्या" म्हणू लागले. सकाळी ते म्हणायचे "जयभीम पोरी", मी म्हणायची "रामराम काका", आणि दुपारी आम्ही एकाच डब्यातून भाकर-ठेचा खायचो. इतकं मोकळं मी माझ्या बापाशीही कधी बोलले नाही.

एकाच कामाला ते डोळे उघडे ठेवायचे. ब्रेकच्या रबरी नळीवर लांबीभर एक रेघ छापलेली असते. नळी बसवली की ती रेघ सरळ दिसली पाहिजे. फिरलेली दिसली तर नळीला पीळ बसलाय, आणि अशी नळी कधी ना कधी फुटते. "एका चाकाचा ब्रेक गेला का विमान पट्टीवर राहत नाही, माय. वावरात घुसते," काका सांगायचे. हे मला त्यांनी किती वेळा सांगितलं असेल, मोजदाद नाही. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्या दिवशी एका छोट्या विमानाच्या डाव्या चाकाची नळी मी बदलली. घट्ट करून पाहते तर रेघ जराशी फिरलेली. जराशीच. पुन्हा सोडायची म्हणजे ब्रेकमधली हवा पुन्हा काढणं आलं, तासभर गेला असता. गावी ताईचा साखरपुडा होता आणि माझी गाडी चारला. "रेघ पाहिली?" काकांनी विचारलं. मी म्हणाले, "हो." पाहिली तर होतीच. ते चाकापाशी बसायला निघाले, तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या भरलेल्या बॅगेकडे गेलं. "जाय लवकर. बहिणीचा साखरपुडा रोज रोज होते काय?" असं म्हणून त्यांनी उभ्या उभ्याच सही केली.

मी परत आल्यावर चौथ्या दिवशी ते विमान उतरत होतं. मी हँगरच्या दारात उभी. उतरलं छान. मग वेग कमी होता होता एकदम उजवीकडे ओढलं गेलं, पट्टी सोडून गवतात शिरलं आणि चरात नाक खुपसून थांबलं. फार आवाजही झाला नाही. आत एकटाच शिकाऊ वैमानिक होता, त्याचा घोटा मोडला. पाय पुढे बरा झाला, पण तो पुन्हा उडायला आला नाही. मी हातातला पाना जागेवर ठेवला आणि साबण लावून हात धुतले. आत काहीच हललं नाही.

चौकशीत नळीचा पीळ सापडला. काका म्हणाले, "सही माही हाय. पाहाचं काम माहं होतं, म्या पाहिलं नाही." अधिकाऱ्यानं माझ्याकडे मान वळवली तसे ते घाईनं बोलले, "तिले नका विचारू साहेब. रेघ वाकडी दिसली असती तं तिनं मले सांगतलं असतं. म्याच शिकवलं तिले." मी शेजारच्या खुर्चीत होते. एक वाक्य पुरलं असतं. काकांचा परवाना गेला, नोकरी गेली. माझी राहिली.

धाडला त्यांनी फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान टाकलं. तीन वर्षांनी मी तिथं गेले आणि सांगून टाकलं, "काका, ती रेघ वाकडी होती. मले दिसली होती."

त्यांनी हातातला वॉशर खाली ठेवला. "दिसली होती?"

"हो."

शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "मंग हे मले काऊन सांगतलं वं? इतके दिवस बरा होतो मी." चहा मागवला. आम्ही तो प्यायलो. उठताना म्हणाले, "तुह्या काकूले सांगू नको."

मी मन हलकं करायला गेले होते, आणि माझं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवून आले. शाब्बास! पुढे फोनवर ते मला "तुम्ही" म्हणू लागले. "कशा आहात?" म्हणायचे. धाडचा माणूस, आणि माझ्याशी पुस्तकातल्यासारखं बोलायचा.

यंदा उन्हाळ्यात काका गेले. मी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं. काकूंनी मला हाताला धरून बायकांमध्ये नेलं. "ही त्यायची पोरगी," त्या म्हणाल्या. "हिच्यावर नाव येऊ नाही म्हून सारं आपल्या अंगावर घेतलं त्यायनं. बिचारीची काहीच चूक नव्हती." सगळ्या माझ्याकडे मायेनं बघायला लागल्या. एकीनं पाठीवरून हात फिरवला. मला रडू येईना.

"हाव ना वं?" काकूंनी विचारलं.

मी म्हणाले, "हाव, काकू."