तळघरातल्या बारा चकत्या

चीजवालीचा हात स्वच्छ आणि तोंड फटकळ. शेळीच्या दुधाचं ताजं, खारट चीज विकताना ती गिऱ्हाइकाला दोन टोमणे फुकट द्यायची. अलीकडे मात्र तिचं लक्ष सासूबाईंकडे लागलेलं असे. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या त्या म्हातारीच्या पोटात चिजाशिवाय काही टिकत नव्हतं. पायांवरच्या सुजेमुळे डॉक्टरांनी मीठ निम्म्यावर आणायला बजावलं होतं, आणि मीठ कमी केलं की चीज पाचव्या दिवशी नासायचं. थंडीत शेळ्या दोन महिने आटत. तेवढे दिवस म्हातारीनं खायचं काय?

दुग्धशाळेतल्या बाईंनी तिला कमी मिठातलं टिकाऊ चीज शिकवलं. निथळलेलं पाणी फेकू नका, तापवून त्यातला साका परत चिजात घाला, म्हणजे अंगी लागेल. तळघर गार ठेवा. आणि चकती रोज संध्याकाळी एकदा उलटा, नाहीतर ओल खाली साचते.

तिनं एक संध्याकाळ चुकवली नाही. तरी दहाव्या दिवशी बाराही चकत्या खालून बुळबुळीत निघाल्या.

"उलटायला विसरली असशील," नवरा म्हणाला.

"एक वेळ तुम्हाला विसरेन."

पुढच्या खेपेला तिनं प्रत्येक चकतीवर कोळशाचा ठिपका काढला. संध्याकाळी चकत्या उलटल्या, ठिपके खाली गेले. ती वर आली, कुलूप लावलं आणि फडकं विसरलं म्हणून परत उतरली. बाराही ठिपके वर होते. ती तशीच वर पळाली. फडकं तिथंच राहिलं.

"तुम्ही खाली येता का?" तिनं सासूबाईंना विचारलं. प्रश्न खुळा आहे हे तिला कळत होतं.

"मी कुठली येतेय? माझ्या सासूबाई असतील. त्या गेल्यावर मीही टिकाऊ चीज करून पाहिलं होतं. अस्संच नासलं. मी घाबरून सोडून दिलं. तू सोडू नकोस. त्यांना उलटू दे, तू हात लावू नकोस."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तू ऐकलं असतंस?"



त्या दिवसापासून चीजवालीनं चकत्यांना हात लावला नाही. ठिपके एक दिवस खाली, एक दिवस वर. शेळ्या आटल्या, चकत्या टिकल्या. म्हातारीची सूज उतरली, गालांवर थोडं मांस आलं. शेळ्या पुन्हा दुभत्या झाल्या त्या आठवड्यात ती झोपेतच गेली. चीजवाली खूप रडली. पण म्हातारी उपाशी गेली नाही, एवढं समाधान तिला होतं.

नव्या खेपेच्या चकत्या पुन्हा खालून ओलसर होऊ लागल्या. ठिपके रोज वरच. सासूबाईंच्या सासूबाईही सोडून गेल्या की काय, या विचारानं तिला वाईट वाटलं. संध्याकाळी ती तळघराचं दार लावून आतच पायरीवर बसली.

अंधारात फळीवर चकती पडल्याचा आवाज आला. थप. मग त्याच जागी पुन्हा, थप. अशा बाराही. मेल्यावरसुद्धा एका सासूचं काम दुसरीला पटत नव्हतं.

आवाज थांबेपर्यंत ती बसून राहिली. मग उठली, पदर खोचला आणि चाचपडत चाचपडत बाराही चकत्या तिसऱ्यांदा उलटल्या.