कान कोरडा होईपर्यंत
वाहत्या कानाचा तो आंबूस वास आला, की धाराशिवच्या माझ्या श्रवणतपासणी केंद्रात लोहाऱ्याहून आलेले एक मेंढपाळ आजोबा आठवतात. त्यांना ऐकायचं मशीन त्याच दिवशी हवं होतं. कानात पाहिलं तर पू होता. अशा कानात मशीन बसवायचं नाही, आधी डॉक्टरांकडून इलाज, हा आमचा नियम. मी मोठ्यानं समजावलं, तरी ते उठेनात. "बाई, कारभारीण अंथरुणाला खिळलीय. लई बारीक बोलती, मला कायबी कळंना," ते काकुळतीनं म्हणाले. मी चिठ्ठी लिहून त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं धाडलं. तीन आठवड्यांनी ते परत आले. कान कोरडा झाला होता. तपासणी करून मी मशीन बसवलं आणि हळूच म्हणाले, "आता आजींचं बोलणं कळेल तुम्हाला." ते म्हणाले, "ती गेली की मागल्या आयतवारी. जाताना कायतरी सांगत व्हती. म्या नुसतीच मान डोलावली." नियम बरोबरच होता. आजही असा कान दिसला की मी माणसाला परत पाठवते. फक्त दाराबाहेर पडणारी त्याची पाठ मला बघवत नाही.